लेलेबाईंकडच्या हजारो माश्या

मी मुद्दाम ऐकलं नाही हो! लिफ्टचं दार बंद होता होता मेघा फोनवर म्हणाली, “माझ्याकडे हजारो माश्या आहेत आणि…” पुढचं वाक्य लिफ्टबरोबर वर गेलं. मेघा म्हणजे आमच्या वारज्याच्या सोसायटीत लेलेबाईंकडे खोली घेऊन राहणारी, संशोधन करणारी मुलगी. मी ऐकलं तेवढंच शेजारच्या दोघींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या बातमीत तिच्या खोलीत कचरा साठला होता, तिसऱ्यावरच्या बातमीत रोगराई पसरली होती, आणि लेलेबाईंनी तिला खोली सोडायला सांगितली होती.

मला काही चैन पडेना. शिऱ्याची वाटी घेऊन गेले. मेघा बॅग भरत होती, लेलेबाई दारात उभ्या.

“अहो काकू, माश्या लॅबमध्ये असतात,” मेघा म्हणाली. “फळांवर बसतात ना, त्या बारीक. त्यांच्या एकाच जीनपासून आरएनएला चिकटणारी वेगवेगळी प्रथिनं कशी होतात, ते मी बघते. पेशी जीनची आरएनए नावाची प्रत काढते, त्यातले काही तुकडे गाळते आणि उरलेले जोडते. कुठला तुकडा गाळला, त्यावर प्रथिन ठरतं.”

“आमच्या सोसायटीसारखंच की,” लेलेबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. “वाक्य एक, मजल्यागणिक बातमी वेगळी.”

मी गुपचूप वाटीवरचं झाकण काढलं. तेवढ्यात मेघाच्या बाहीवरून काहीतरी उडून वाटीच्या काठावर बसलं. मेघाने वाकून पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. “पांढरे डोळे आहेत, बाहेरच्यांचे लाल असतात. आमच्या लॅबमधलीच ही.”

“एकच आहे ना? मग तू राहा,” लेलेबाई म्हणाल्या. “हिला मात्र लॅबमध्ये सोडून ये. पाहुण्यांना मुक्कामाची परवानगी नाही.”