नातीचं झबलं

वाशीच्या दवाखान्यात तपासणीला आलेली गरोदर मीना बाकावर बसली होती. शेजारी साताऱ्याकडच्या एका आजींनी नर्सला गाठलं होतं.

"सिस्टर, जुळ्यातली नात आईजवळ दिली. नातू अजून काचेच्या पेटीतच?"

"आज दूध पचलंय त्याला. मुलगे नाजूकच हो आजी, सुरुवातीला मुलीच चिवट."

"म्हनूनच आमच्याकडं पोराचं नाक टोचून त्याला पोरगी म्हंत्यात. यमाला फसवायला."

"इथं टोचाटोची चालणार नाही हं!"

"ठाव हाय. म्हनून नातीचं फुलाफुलांचं झबलं धुऊन आनलंय. घाला त्याला."

मीनाचं नाव पुकारलं, तरी ऐकण्याच्या नादात ती जागची हलेना.

"आणि नातीला काय घालू?" नर्सनं हसत विचारलं.

"काय बी घाला. तिचं रडनं ऐकून यमच वाट बदलंल!"