गाडीच्या टपावर शिळा नान

— हो, नान मीच ठेवते तुमच्या गाडीच्या टपावर, नाही कुठं म्हणतेय मी? बसा आधी, शुहरतभाऊ. इथं, तुतीच्या सावलीत. दारात आलेल्याला उभ्याउभ्या परत पाठवायची रीत नाही आमच्यात, मग तो कसा का असेना. चहा घ्या. घ्या हो, काही घातलं नाहीये त्यात. तर नान. तुमची आईही इथलीच ना, ताश्कंदची? मग तिनं शिकवलं असेल की — नान कचऱ्यात टाकायचा नाही, खाली पडला तर उचलून कपाळाला लावायचा, आणि शिळा झाला की चुरून पाखरांना घालायचा. कुठं घालायचा? उंच जागी, जिथं कुणाचा पाय लागणार नाही. आता मला सांगा, आमच्या फुटपाथवर उंच असं काय होतं? भिंतीला माझा हात पुरत नाही. तुमची गाडी होती — भिंतीला खेटून, अख्खी वाट अडवून, थोरल्या जावेसारखी बसलेली. तिच्यावर ठेवला. साळुंख्या येतात, नान खातात, वर काळी तुती खातात, आणि खाल्लेलं कुठंतरी टाकणारच की. पांढऱ्यावर जांभळं उठून दिसतं, त्याला मी काय करू? या गावात सगळ्यांना गाडी पांढरीच लागते. मोहल्ल्याचे म्हातारे आले होते ना तुमच्या वतीनं बोलायला — मी म्हटलं, नान उंच ठेवला, हा गुन्हा का माझा? दाढ्या कुरवाळत बसले, चहा प्याले आणि गेले. नानाच्या तुकड्याविरुद्ध कोण तोंड उघडणार?

काय? गाडी आता इथं नसते? हो, माहितीय मला. पाखरांनी भंडावलं तेव्हा हललात, मी हात जोडले तेव्हा नाही. आता औषधाच्या दुकानामागं लावता, डाळिंबाच्या झाडाशी. मग तिथं नान कसा पोचतो — चालत पोचतो, कसा पोचणार. सकाळी तंदूर पेटवायच्या आधी रुमालात बांधून घेऊन जाते. दोन गल्ल्या. गुडघे दुखतात, तरी जाते. आणि मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडते त्याला, म्हणजे साळुंख्यांबरोबर कावळेही येतात, कावळ्यांची नखं जास्त ओरखडतात — हे खरं तर सांगायचं नव्हतं मला. असू दे. आता बोलून गेले. पुण्यबिण्य काही नाही त्यात, शुहरतभाऊ. सूड आहे. तुम्ही बादली घेऊन टप घासत असता ना, तेव्हा मी कोपऱ्यावर उभी असते, बघत. घरी येऊन जेवते, तर घास गोड लागतो. देव मला विचारील तेव्हा बघू.

फुटपाथ मोकळा झाला, मग अजून कसला राग — असंच ना? सांगते. चहा गार होतोय. आमचे हे — एर्गश-अका म्हणतात त्यांना सगळे, तुम्ही ओळखता — जन्मापासून आंधळे. आंधळ्यांच्या कारखान्यात ब्रश बांधायचे, आणि सुटी असो, सण असो, दुपारी चहाखान्यात जायचे. एकटे. मी बरोबर नको — बायकोचं बोट धरून गेलं तर चहाखान्यात काय किंमत राहते माणसाची? उजवीकडे भिंत, डावीकडे पाण्याचा पाट, मधून हे, काठी टेकत, टोपी तिरकी घालून. त्या वाटेवर त्यांना कुणी आंधळं म्हटलं नसतं. मग तुमची गाडी आली. पलीकडची मुनिरा चाकांच्या खुर्चीत बसून भर रस्त्यातून जायला लागली, बसच्या पुढ्यातून. मी तुमच्याकडे आले, आठवतंय? कितीदा आले! तर म्हणे, दोनच मिनिटं, खाला, काढतोच. तोंडानं मावशी म्हणायचं, आणि रात्री बघावं तर गाडी तिथंच. कापूस वेचायच्या दिवसांत हे पडले. भिंतीच्या जागी काठीला पत्रा लागला, वळसा घालायला गेले, आणि पाय गेला पाटात. खुबा मोडला. सगळा हिवाळा खाटेवर.

तो जुळला, बरं का. डॉक्टर म्हणाले, आता चाला, जितकं चालाल तितकं बरं. वाट मोकळी, मी स्वतः झाडून ठेवते, गोटासुद्धा राहू देत नाही. पण हे कोट चढवतात, काठी घेतात, दारापर्यंत येतात — हे बघा, तुम्ही बसलात तिथपर्यंत — आणि परत फिरतात. मी म्हटलं, पाय दुखतो? नाही. भीती वाटते? त्यावरून भांडले माझ्याशी. शेवटी परवा बोलले. पाटात पडले होते, कमरेपर्यंत पाणी, तेव्हा तुम्ही घरातून बाहेर आलात. पडताना यांची काठी गाडीच्या आरशाला लागली होती. तुम्ही आधी आरसा चाचपलात — त्यांना ऐकू येतं ते, दिसत नसलं तरी — आणि मग वरून म्हणालात, “बाबा, तुमच्यासारख्या माणसानं घरात बसावं. एकटं कशाला फिरायचं?”

म्हणालात की नाही? खाली नका बघू, इकडे बघा. आठवत नाही? खरंच आठवत नाही, दिसतंय तुमच्या तोंडावर, आणि तेच मला जास्त लागतं. अहो, मी जन्मभर सांगत आले या माणसाला — बर्फ पडलाय, जाऊ नका. ताप आहे, जाऊ नका. घरात चहा करते, घरात प्या. लग्न झाल्यापासून माझं एक अक्षर ऐकलं नाही त्यांनी. तुमचं ऐकलं.

आत बसलेत. त्या पडद्याआड. कोट अंगात आहे, काढलेला नाही अजून. आपलं बोलणं सगळं पोचतंय तिकडे, तुम्ही हळू आवाजात बोललात तरी. जा ना आत. म्हणा, बोलून गेलो, चुकलं. आणि चहाखान्यापर्यंत जा त्यांच्याबरोबर — हात धरायचा नाही, नुसतं बाजूनं चालायचं. एवढं करा, मी नान ठेवायचा बंद करते, टप स्वतः घासून देते, बर्फासारखा.

घ्या, घ्या फोन. महत्त्वाचा असेल.

...उद्या? उद्या येता? बरं. उद्या म्हणजे कधी, ते नाही विचारत मी. या मग. चहाचा पियाला राहू दे तिथंच, मी उचलीन. फक्त बाहेरचं दार जरा जोरात ओढून घ्या, शुहरतभाऊ — तुम्ही आत येताय का निघून जाताय, ते त्यांना कळू दे.