सलीमभाईंनी केलेलं बुकिंग

स्वस्तातली इलेक्ट्रिक बाईक घ्यावी का, हे मला विचारू नका राव. मी स्वतः अजून गोंधळात आहे.

मी दिघीत राहतो, कंपनी चाकणला. रोजच्या पेट्रोलला वैतागून एक बाईक हेरली होती. इतकी स्वस्त, की तिच्या किमतीचीच भीती वाटावी. म्हणून शोरूमला जाताना सलीमभाईंना सोबत नेलं. माझी जुनी गाडी बारा वर्षं त्यांच्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होतेय.

त्यांनी बाईक पुढून पाहिली, मागून पाहिली, वाकून खालून पाहिली आणि मला बाजूला ओढलं.

"घेऊ नका, भाऊ."

"का? खराब आहे?"

"ते मला कळलंच नाही. पण चांगली निघाली तर तुम्ही माझ्याकडे येणार नाही. बिघडली तरी येणार नाही, कारण मला ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून माझ्या तोंडून 'नको'च निघणार. माझं ऐकू नका."

आता काय करावं माणसानं? सलीमभाईंनी मात्र बाईकवर एक चक्कर मारली आणि सरळ स्वतःच्या नावानं बुकिंग केलं.

"अहो, तुम्हीच नको म्हणालात ना?"

"गॅरेजमध्ये नेऊन पूर्ण उघडतो. उद्या सगळेच असल्या गाड्या घेऊन आले, तर मला हात घालता आला पाहिजे."

"बरं, मग मी घेऊ का?"

सलीमभाई म्हणाले, "परत जोडता आली, तर सांगतो."