चित्राचा फोटो सांगितला होता

हॅलो? हॅलो… परभणी? दत्तराव फोटोवाले हायत का? … तुमीच का? मी पाथरीहून नागनाथ मास्तर बोलायलोय. ड्रॉइंगचा… हो, हो, आईच्या चित्राचा फोटो. मिळाला की. त्याच्यासाठीच ट्रंककॉल लावलाय.

पसंत? … दत्तराव, चित्र खुर्चीवर कशाला बसवलं? … तुमच्याकडं रिवाजच हाय? अहो, ती बाई न्हवं, चित्र हाय! पाठीमागं तुमचा तो बागेचा पडदा, बाजूला प्लास्टिकची फुलं… चित्रात हात असते तर तुमी ते मांडीवर ठेवायला लावले असते.

न्हाई, आधी ऐका… काच का न्हाई काढली? समोरून फ्लॅश मारला, तो पडला नाकावर. अर्धं तोंड पांढरंफटक… सहा महिने रंगवलेलं तोंड हो.

आन् सुरकुत्या कुठं गेल्या? … टचिंग? फुकट? लय उपकार झाले. एकेक सुरकुती मी जीव लावून काढली, आन् तुमी आईला माझी धाकटी बहीण करून पाठवलं. … अहो, औरंगाबादच्या प्रदर्शनाला आधी फोटोच मागितलाय. शनिवारपर्यंत. त्याच्यावरूनच निवडणार. बारा वर्षं पोरांचे आंबे-पेरू तपासले, पहिल्यांदा माझं कायतरी बाहेर जायलंय.

हो… हो, उद्या पहिल्या एसटीनं आणतो चित्र. काच मीच काढतो. अंगणात, सावलीत. कॅमेरा बरोबर समोर. फ्लॅशला हात लावायचा न्हाई. … हां, आन् ते कुंकू. ते कुणाला विचारून लावलं? … बाईमाणसाचं कपाळ मोकळं दिसलं म्हणून? वडील जाऊन चार वर्षं झाली, दत्तराव. ते मोकळं कपाळ, तेच तर माझं चित्र होतं.

… तुमाला ठावं न्हवतं, कबूल. … न्हाई, तो फोटो आणत न्हाई. … माझ्याकडं न्हाईच तो. काल दुपारी आईनं बघितला. लय वेळ बघितला. मग पेटीत ठेवला, किल्ली कमरेला. मी मागितला तर म्हणली, तू दुसरा काढ.

… काय? एका मिनिटात पुसून देता? … न्हाई. राहू द्या. … अहो, राहू द्या म्हणतोय ना. ते एकदा पुसलंय तिचं. चारजणींनी धरून, माझ्यादेखत… हॅलो? … हॅलो?