रक्तवाढीच्या गोळ्यांतलं लोखंड

हसायचं असेल तर हसा, पण परवा माझ्याच वर्गात माझी पार शोभा झाली.

नववीच्या पोरींना धातू शिकवत होते. म्हटलं, रक्तवाढीच्या गोळीतलं लोखंडच काढून दाखवू. "घरात पडलेल्या गोळ्या आणा गं," एवढंच सांगितलं. एक-दोन पाकिटं येतील असं वाटलं होतं, तर टेबलावर पाकिटांचा-डब्यांचा ढीग लागला!

गोळ्या कुटल्या, आम्लाच्या पाण्यात विरघळवल्या, गाळल्या आणि गेवराईहून आणलेली मॅग्नेशियमची पट्टी त्यात सोडली. तळाशी काळी भुकटी बसली. पहिल्या बाकावरच्या सुमननं लोहचुंबक जवळ नेला तर भुकटी झटकन चिकटली. वर्ग नुसता नाचायला लागला.

तो गलका ऐकून आशाताई आत आल्या. गावातल्या बायांना, मलासुद्धा, या गोळ्या त्याच घरोघर देतात. ढीग बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"आन् मला तर समद्या म्हणत्यात, रोज खातो!"

"आई म्हणती, लई मळमळतं," एक पोरगी पुटपुटली.

"बरं, आन् ह्यो सगळ्यात मोठा डबा कुणाच्या घरचा हाय?"

सगळ्या पोरी माझ्याकडं बघायला लागल्या.

मग काय! आशाताईंनी पिशवीतनं नवी गोळी काढली आणि भर वर्गात मला गिळायला लावली. मी तोंड वाकडं करते न करते तोच सुमननं लोहचुंबक माझ्या पोटाला लावला, थोडं थांबली आणि गंभीरपणे म्हणाली,

"मॅडम, एका गोळीनं न्हाई चिकटत. रोज खावी लागंल."