बायनाबाई मशीनीत जात न्हाई

न्हाई म्हणजे न्हाई, निकिता. कितीबी गोड बोल. शेजारच्या रोहिणीची लेक म्हणून आत घेऊन चहा तरी पाजला, दुसरी कुणी असती तर ओसरीवरूनच वाटेला लावली असती. – अगं, दुखत न्हाई, ठाऊक हाय, कितींदा सांगशील? आडवं पडायचं, बोगद्यात डोकं घालायचं, ठकठक आवाज येतो, अन् आरशात आमच्या ह्यांचा फोटो दाखवायचा – मग मपल्या डोक्यात कुठं उजेड पडतो ते तू बघणार, अन् त्याच्यावर तुझा कॉलेजातला अभ्यास होणार. बरं. कर की अभ्यास. पण त्याच्या आधी काय म्हणालीस? अंगावरलं समदं काढायचं. बांगड्या, जोडवी – अन् मंगळसूत्र! ऐकलं का देवा? नवरा डोळ्यापुढं धरायचा अन् मंगळसूत्र गळ्यातनं उतरवायचं! कसलं गं तुमचं हे शास्त्र? प्रेम बघायला निघालात अन् आधी सवाष्णीचा गळा मोकळा करता. मांडवात घातलं ते आजपातूर उतरलं न्हाई हे. मोतीबिंदूच्या वक्ताला डाक्टरीण बाई म्हणाली, मावशी, काढा. मी म्हणलं, बाई, डोळा काढा, हे निघायचं न्हाई.

अन् जोडपं तरी कुठलं निवडलंस! अख्ख्या बोरी गावात कुणालाबी इचार – बायनाबाईचं नवऱ्याशी पटतं का? लोक हसतील तुला. सकाळी चहा झाला की आमचं सुरू. मंजुषाला इचार, मपल्या सुनंला – हळू बोल, बाहीर धुणं धुवायलीय ती – नवी नवरी होती तवापासून ऐकायलीय बिचारी. माहेरी जाऊन सांगती, सासू-सासऱ्याचं बिलकुल जमत न्हाई. अन् तू मला सांगायलीस, की नव्या नवरीच्या डोक्यात जी जागा पेटती ती काही जणांची म्हातारपणीबी तशीच पेटती. पेटत असंल बाई. आमच्या डोक्यात काय दिसणार तुला? लोडशेडिंग!

आता एक मात्र तू खरं बोललीस. आपल्या माणसानं हात धरला की डोकं निवांत होतं, भ्या कमी होतं, म्हणालीस ना? ते खरं हाय. दुपारी रानातल्या आखाड्यावर पत्र्याच्या खोलीत जरा आडवं झालं, की हे आपला हात इकडं – अन् ती पोत तेंना टोचती, म्हणून मी आधीच काढून खुंटीला – ...चहा घे तू. निवायलाय.

काय? खुंटीला काय? खुंटीला इळा. इळा अडकवते मी. – बघू नको गं अशी! शिकलेल्या पोरींना लाज म्हणून न्हाई. बरं, काढते मंगळसूत्र. रोज काढते. झालं समाधान? कुणापाशी बोललीस तर जीभ हासडीन.

आता अर्धं कळलंच हाय तर ऐक. आमच्या पोराचं, महारुद्राचं लगीन झालं, सून घरात आली. मग सासू-सासऱ्यानं एकमेकापाशी बसायचं न्हाई. कुणी सांगत न्हाई गं, पण आपल्याकडं हाय ते तसं हाय. तेंची बाज गेली ओसरीवर, मी राहिले सैपाकघरापाशी. दिवसभर घर भरलेलं. दोघं संगं रानात निघालो, तर बन्सीधर भाऊजी पारावरून असे खोकतात, असे खोकतात, की टीबी झालाय वाटावं. मग करावं काय माणसानं? मी भांडण काढलं. सरपण वल्लं का, पायताण इथं का, काहीबी. हे तावातावानं रानात निघून जातात. रागानं गेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? अन् मागून मी निघते भाकर घेऊन – "मरंल मेला उपाशी, न्यावंच लागंल" असं मोठ्यानं बडबडत. मंजुषा म्हणती, आई, ऊन हाय, मी देते की नेऊन. म्हणलं, नको बाई, मपलं करम मलाच निस्तरू दे! – हस, हस. मलाबी हसू येतं, रानाच्या पांदीला लागल्यावर. तवर रोखून धरते.

तिथं काय करतो? काय न्हाई गं. भाकर खातो. हे वाळूक चिरून देतात, बिया काढून, मला दातात अडकतात म्हणून. बोलतो. घरात बोलायचं राहिलेलं समदं बोलतो.

मग आता समजलं ना काऊन येत न्हाई? मपलं डोकं तुझ्या मशीनीत भकाभका पेटलं अन् मंजुषाला कळलं, तर उद्या मी भांडू कुठल्या तोंडानं? ...न्हाई. ते न्हाई. खरं सांगू? मपलं पेटंल, हे मला मशीनीबिगर ठाऊक हाय. तेंचं न्हाई पेटलं तर? ह्या वयात ते कळून मी काय करू, सांग. तू म्हणतीस, सुरुवातीची धडधड पुढं निवती अन् माया राहती. कुठं निवलीय? सोमवारपासून मला भाकर गोड लागंना. सोमवारी तेंनी भांडण काढलं. तेंनी! अगं, भांडण काढायचं काम मपलं. हा माणूस आळणी वरण मुकाट्यानं गिळणारा. अन् सोमवारी दुपारी देवगाव फाट्यावरून आले, इंजिनाचा पट्टा आणायला गेलतो म्हणाले – पट्टा काही हातात दिसला न्हाई – ताटावर बसले, अन् मंजुषादेखत ताट सारलं. "ही काय भाजी हाय? जातो मी रानात!" मपल्या डोळ्यातनं टचकन पाणीच आलं. न्हाई गेले मी. भाकरबी न्हाई नेली. तवापासून तेबी बोलंनात, मीबी बोलंना. गावाला काय, रोजचंच वाटतंय. खरंखुरं भांडण झालं हे सांगावं तरी कुणाला?

तर नको पोरी. तेंनाबी नको इचारू. – काय? मंगळसूत्राचं मनाला लावून घेऊ नको? बाप्यांनाबी काढावं लागतं? आजोबांनीसुद्धा करदोडा –

थांब. कुठल्या आजोबांनी? ह्यांच्या कमरंला चांदीचा करदोडा हाय हे तुला कुणी सांगितलं गं? धोतराच्या आतली गोष्ट ती! – जीभ चावून आता काय उपेग? बोल. कवा? ...सोमवारी? सकाळच्या एष्टीनं? म्हणजे फाटा न्हाई, पट्टा न्हाई, परभणीला तुझ्या मशीनीत! अन् मपला फोटो? तेंनीच आणला? कुठला – महारुद्रानं मोबाईलवर काढलेला? मी त्वांड उघडून भांडायलेय तो? इतके फोटो असून तोच?

मग? काय दिसलं? – सांगता येत न्हाई? नेम हाय? ज्याचं डोकं त्यालाच सांगायचं? ...म्हणजे तेंना सांगितलंस तू. सोमवारीच सांगितलंस. अन् तिथून ते घरी आले, अन् ताट सारलं, अन् म्हणाले जातो मी रानात, अन् – अगं बाई!

अगं, बोलवायले होते ते मला! येडा माणूस. जन्मात कधी भांडण काढलं न्हाई, काढता येत न्हाई, अन् काढलं ते असं की मला खरंच वाटलं. मी इथं रडत बसले, अन् ते तिथं समदी दुपार वाटंकडं बघत बसले असतील.

उठ. पर्स घे तुझी. मशीनचं मग बघू, येईन न्हाई तर न्हाई येणार, आता उठ. ते गोठ्यात हायेत, म्हशीला पेंड टाकायलेत. मंजुषाचं धुणं व्हायच्या आत तिला नीट ऐकू गेलं पायजे. अन् हसत बाहीर जाऊ नको, त्वांड पाडून जा, म्हातारीनं हाकललं म्हण. दार राहू दे उघडंच. जा गं बाई, जा लवकर – मला भांडायचंय.