जजचा बाप

नाही नाही, बसा हो खैरुद्दीनभाई, उठू नका — चहा येतोय. मुहैस्नाहून दोन बस बदलून आलात, असे कसे जाल? आणि कोर्टाचं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. बर्मिंगहॅमचं असो नाहीतर खेडचं, तारखा देण्यात सगळी कोर्टं सारखीच. नवी तारीख आठ महिन्यांनी ना, बघता बघता जातील... हो, मला माहितीय, तिकडे गावी तुमच्या रुहानच्या आईचं डायलिसिस चालू आहे. आणि व्हिसाचं अपील संपल्याशिवाय तो इंग्लंडबाहेर पडला की अपील गेलं, हेपण माहितीय. मी काय दगड आहे का?

रुहानने फोनवर जज बदलला एवढंच सांगितलं ना? कारण नाही सांगितलं? वकिलाने सांगितलं असेल, तुम्हाला इंग्लिश समजलं नसेल — नाही? बरं, बरं. मग सोडा.

काय सांगू, त्या मुलीने डोकं फिरवलंय माझं! माझ्या मुलीने, दुसऱ्या कोणी? ती तिकडे इंग्लंडमध्ये जज झाली तेव्हा याच शॉपमध्ये शंभर माणसांची बिर्याणी केली मी, तुम्हीपण होतात. दापोलीच्या परकारांची मुलगी, डोक्यावर स्कार्फ, आणि ती आत आली की गोरे वकील उठून उभे राहतात! तिकडचा मंत्री टीव्हीवर बोंबलतो, जज लोक आमचं ऐकत नाहीत — बोंबल बाबा, हिच्या खुर्चीला तुझा हात लागत नाही. सरकारच्या विरुद्ध निकाल देते आणि घरी जाऊन डाळ शिजवते. मला वाटलं, चला, आपलं माणूस आत गेलं. इथे आखातात पस्तीस वर्षं काय बघितलं आपण? लायसन असो, व्हिसा असो — आत वास्ता पाहिजे. वशिला असला की यल्ला, चल आत, नसला की बस बाहेर उन्हात.

त्या गुरुवारी तुम्ही मोबाईल दाखवत आलात — "वलीभाई, उद्याच्या लिस्टवर रुहानच्या केसला जज सुमैय्या परकार!" दुआ करा म्हणालात. फोन करा असं नाही म्हणालात, ते मी मानतो. मीच म्हटलं, खलास, काम झालं समजा.

म्हणजे... हो, केला फोन. बाप आहे मी तिचा! म्हटलं, बेटा, उद्या आपल्या गावचं एक पोरगं — तर मध्येच म्हणते, "अब्बा, stop. Don't tell me the name." आता मी काय थांबतो? सांगून टाकलं. रुहान, आपल्या खैरुद्दीनचा, बघ जरा. हॅलो, हॅलो केलं. म्हटलं, नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "Abba, what have you done?" आणि ठेवला फोन. बापाचा फोन!

आणि सकाळी काय केलं माहितीय? भर कोर्टात सांगितलं — काल माझ्या वडिलांनी मला या केसबद्दल फोन केला, मी ही केस ऐकू शकत नाही. माझ्या वडिलांनी! अहो, पोटात ठेवायचं, जे करायचं ते करायचं, कोणाला कळणार होतं? तर त्याच संध्याकाळी फोनवर म्हणते, मला कळलं असतं ना, अब्बा. आमच्यासारख्या तिथे आहेतच किती, एकीने असं केलं तर सगळ्यांकडे बोट दाखवतील. आणि मी? मी कोणाला तोंड दाखवू? त्या फोनला तीन आठवडे झाले, तेव्हापासून तिच्याशी बोललो नाही मी.

काय म्हणालात? फोन केला नसता तर? तर काय... तर त्याच शुक्रवारी केस चालली असती. हरला असता की जिंकला असता, मला काय माहीत! जिंकला असता तर तिकीट काढून आईला बघून गेला असता. आणि हरला असता तर — तर त्यांनीच परत गावी पाठवला असता. म्हणजे कसंही आईजवळ...

असं बघू नका हो माझ्याकडे. मी भल्यासाठी केलं. बोला ना काहीतरी, शिव्या द्या, चार लोकांत सांगा... घ्या, चहा आला. नको? बरं, नका घेऊ. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे माझं, मला काम आहे. जा तुम्ही. जा ना, खैरुद्दीनभाई, जा.